कान मोडलेली कॅसेट

आईनं त्या कॅसेटचे दोन्ही कान मोडून टाकले होते. कॅसेटच्या वरच्या काठाला, दोन टोकांवर, प्लॅस्टिकच्या दोन बारीक चकत्या असायच्या. त्या मोडल्या की यंत्राला त्या फितीवर नवीन काही भरता यायचं नाही, आहे तेवढंच वाजवता यायचं. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं आणि ती ऐकताना माझ्याकडे दयेनं बघतात. आईनं ते काम विळीच्या टोकानं केलं होतं, आणि त्याला कारण बाबांच्या गायन पार्टीतला एक ढोलकीवाला होता. 'कॉपी करून आणतो' म्हणून तो कॅसेट घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी परत दिली, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्याच्या जागी आकाशवाणीवरचे गुळाचे बाजारभाव भरलेले होते. आईनं त्याला काहीही विचारलं नाही. दार लावून घेतलं, विळी ओढली, आणि त्यानंतर आमच्या घरातून कुणाला चाळणसुद्धा उसनी गेली नाही. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघायचं, कांद्याची पिशवी घरी आल्यावर पुन्हा ओतून बघायची, शिंप्यानं दिलेल्या ब्लाउजची शिवण उलटी करून बघायची, हे सगळं मी त्या घरात शिकले. पुढे मला पगार मिळाला तोही याच कामाचा. दुसऱ्यांनी बनवलेली यंत्रं माझ्या टेबलावर येतात आणि मी त्यांच्यावर संशय घेते. गेली वीसेक वर्षं पुण्यात मी हेच करते आहे, आणि माझ्या हाताखालची पोरं मला पाठीमागं काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

आम्ही कसबा बावड्यात राहायचो. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्याची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची आणि मळीचा आंबूस वास भाकरीच्या पिठापर्यंत पोचायचा. दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालायचा. आई शाळेत शिपाई होती, घंटा तिच्या हातात होती, आणि भोंग्यावरही तिचा विश्वास नव्हता. भोंगा झाला की ती मनगटावरचं घड्याळ बघायची आणि "अर्धं मिनिट म्होरं हाय आज" असं स्वतःशीच म्हणायची. बाबा कारखान्यात कामाला होते. मी तीन वर्षांची असताना कावीळ होऊन गेले. मला त्यांचं काहीच आठवत नाही. हात आठवत नाही, वास आठवत नाही. लोक सांगतात, खांद्यावर बसवून जयंतीला न्यायचे. मला तो खांदा आठवत नाही, आणि लोकांनी सांगितलेलं मी आठवण म्हणून कधी धरलं नाही.

माझ्याजवळ बाबांचा आवाज तेवढा होता. थंडी ओसरताना, गाळप संपत आलेलं असताना त्यांचा स्मृतिदिन यायचा. त्या दिवशी आई पहाटे उठून पांढरं पातळ नेसायची, खपली गव्हाची गूळ घालून खीर करायची. तसबिरीसमोर मेणबत्ती लावून आम्ही वंदना म्हणायचो, आणि मग आई कपाटावरच्या टेपवरचं झालरीचं कापड काढायची. पंखा बंद. बोलायचं नाही. खिरीची वाटी हातात, पण चमचा वाजवायचा नाही. सहाचा भोंगा झाला की ती बटण दाबायची आणि वर्षातून एकदा बाबा आमच्या घरात गायचे. जड, संथ, छातीतून आलेला आवाज. पाठीमागं पेटी, ढोलकी, ओळ उचलून धरणारे दोघं-तिघं झीलकरी. शेजारच्या बायका दाराशी उभ्या राहून म्हणायच्या, "कसा भारदस्त माणूस व्हता." त्या आवाजावरून मी एक बाप उभा केला होता. उंच, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा, काही झालं तरी गडबडून न जाणारा. घरात त्यांचा एकच फोटो होता, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, आणि त्यातलं पोरगेलं तोंड मला नेहमी खोटं वाटायचं. फोटोवाल्यानं काहीतरी घोटाळा केला असणार, असं मी बरीच वर्षं मनात धरून होते.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आम्हाला प्रकल्प करायचा होता आणि सरांनी मला एक छोटा संगणक हातात दिला. संगणक म्हटल्यावर आईच्या डोळ्यांसमोर शाळेतला, प्लॅस्टिकचं आवरण घातलेला मोठा खोका होता. हा मात्र एका हिरव्या पाटीवर मावलेला, माझ्या वहीपेक्षा लहान, अंगावर काहीही न घातलेला. "ह्याला डबा कुठाय?" आप्पांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं. आप्पा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गायन पार्टीतले पेटीवाले. बाबा गेल्यावर त्यांनी पेटी चादरीत बांधून पलंगाखाली सारली ती पुन्हा काढली नव्हती. डबा नाही म्हटल्यावर आप्पांनी त्या पाटीकडे ज्या नजरेनं बघितलं ती शेवटपर्यंत बदलली नाही. कारखान्यांत दारं उघडायला, वजनकाटे वाचायला असल्या पाट्या वापरतात, आणि गाणं वाजवणं हे तिचं मुख्य काम नव्हतं. आवाजाचं भोक होतं, पण त्यातून येणारा आवाज पाटीवरच्या सगळ्या गोंधळात मळून यायचा. डिस्क फिरली की कुई, माऊस हलवला की घर्र. पाटीच्या कोपऱ्यात मात्र तीन पिना मोकळ्या उभ्या होत्या आणि सोबतच्या पुस्तिकेत त्यांच्यापुढे 'डिजिटल ध्वनी' एवढंच लिहिलेलं होतं. त्या पिनांतून आवाज येतच नाही. आवाजाचे आकडे येतात. ते आकडे वायरीनं दुसऱ्या डब्यात न्यायचे आणि तिथं, पाटीवरच्या गोंधळापासून लांब, त्यांचा आवाज करायचा. सरांना ही कल्पना आवडली. माझ्या मनात कॅसेट आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

काम मुनीरचाचांच्या दुकानात केलं. रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्तीचं त्यांचं दुकान होतं, बाबांच्या वेळेपासूनचं. ती कॅसेट भरली होती तीही त्यांच्याच मोठ्या डेकवर. विहारात पार्टीची तालीम चालली असताना त्यांनी तो डेक सायकलच्या कॅरेजला बांधून नेला होता. माझ्यासाठी त्यांनी एका मेलेल्या होम थिएटरमधली पाटी काढून, चहाच्या पत्र्याच्या डब्यात बसवून, आकड्यांचा आवाज करणारं यंत्र तयार केलं. माझं काम त्या तीन पिनांपासून त्या डब्यापर्यंत वाट काढायचं. पुस्तिकेत लिहिलं होतं की पहिल्या पिनेवर सिग्नल आहे. माझ्या मनात पाल चुकचुकली, म्हणून मीटर लावून बघितलं, तर तिथं चांगले पाच व्होल्ट बसलेले. पुस्तिका दुसऱ्याच पाटीची असावी. विश्वास ठेवला असता तर चाचांचा डबा पहिल्याच दिवशी जळाला असता. सिग्नल तिसऱ्या पिनेवर सापडला. तोही डब्याला झेपायचा त्याच्या कितीतरी पट जोरात, म्हणून दोन रेझिस्टन्स लावून तो अर्ध्या व्होल्टवर आणला, मध्ये एक कपॅसिटर, आणि जुन्या व्हीसीआरचं काढलेलं पिवळं सॉकेट. सोल्डरिंग चाचांनी करायला घेतलं, मी करू दिलं नाही. एवढं होऊनही डबा मुका. दोन दिवस मी प्रत्येक जोड पुन्हा तपासला आणि मग कळलं की संगणकाच्या सेटिंगमध्येच ती वाट बंद करून ठेवलेली होती. ती उघडली आणि डब्यातून एक स्वच्छ, सरळ शिट्टी आली. कुई नाही, घर्र नाही. चाचा हातातला चहा तसाच धरून म्हणाले, "एवढा साफ आवाज मी कुठल्या दुकानात ऐकलो न्हाय गं."

मला मात्र एक धास्ती होती, ती आधीच सांगून ठेवते. आकडे सेकंदाला किती पाठवायचे याचे तेव्हा दोन रिवाज होते, चव्वेचाळीस हजार शंभर आणि अठ्ठेचाळीस हजार. गाणं भरताना पहिला धरला आणि वाजवताना दुसरा, तर गाणं पळतं आणि आवाज चढतो. असल्या छोट्या पाट्यांवरच्या ध्वनीच्या चिप या बाबतीत बदनाम होत्या.

आईला तयार करायला महिना गेला. कॅसेट आता अधूनमधून टेपमध्ये अडकायला लागली होती, मागच्या स्मृतिदिनाला वीतभर फीत बाहेर आली होती आणि आईनं ती पेन्सिलीनं फिरवून परत घेतली होती. आणखी चार-पाच वर्षांत त्यात काही उरणार नाही हे तिलाही दिसत होतं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे आवाजाचं आकडं करनार, आन् परत आकड्याचा आवाज करनार. मधी कुणी आकडं बदललं तर?"

"कोण बदलेल, आई? मीच आहे."

"गुळाचं भाव भरलं तवा बी ओळखीचाच मानूस व्हता."

शेवटी तिनं अटी घातल्या. कॅसेट एकदाच वाजवायची. दुसऱ्यांदा नाही, काही झालं तरी. ती स्वतः येणार. आणि दुकानात आवाज बाहेर काढायचा नाही, रस्त्यावरच्या लोकांनी ऐकायला तो काही बँडबाजा नाही. शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. आईनं पदरात गुंडाळलेली कॅसेट स्वतःच्या हातानं चाचांच्या डेकमध्ये ठेवली, आणि चाचांनी तिच्यासमोर आवाजाचं बटण शून्यावर नेलं. मग अर्धा तास आम्ही तिघं एका मुक्या डेककडे बघत बसलो. डेकवरचे दोन काटे थरथरत होते, फीत फिरत होती, वायरीच्या दुसऱ्या टोकाला माझ्या छोट्या पाटीवरचा दिवा लुकलुकत होता. बाबा गात होते आणि कुणालाही ऐकू येत नव्हते. पहिली बाजू संपून खटका पडला तेव्हा आईनं घड्याळ बघितलं. मग पुन्हा बघितलं, मनगट कानाला लावलं, चालू आहे का म्हणून. मी विचारलं, काय झालं? "काय न्हाय. दुसरी लाव," ती म्हणाली. तिचं तोंड उतरलेलं मला दिसलं होतं. तेव्हा मला वाटलं, बाईला माझं काम पटलेलं नाही आणि आता ती काहीतरी खोट काढणार.

रविवारी आप्पांना बोलावलं. आईनं सुकट परतली होती, खरडा होता, आप्पांना आवडतात म्हणून नाचणीच्या भाकरी. जेवणं झाल्यावर मी पाटी, चहाचा डबा आणि कॉलेजचा स्पीकर पडवीत मांडला. आईनं सवयीनं पंखा बंद केला. मी बटण दाबलं. पेटीचे सूर आले, इतके स्वच्छ की भात्याची फुसफुस वेगळी ऐकू येत होती, आणि मग कुणीतरी गायला लागलं.

ते बाबा नव्हते. गाणं तेच, शब्द तेच, पण आवाज पातळ, चढा, घाईचा. कुठल्याशा पोरानं बाबांचं गाणं पाठ करून स्पर्धेत म्हणावं तसा. पहिलं कडवं संपेपर्यंत मी वाट बघत होते. कुठंतरी खाली येईल, जड होईल, असं वाटत होतं. झालं नाही. आप्पा ताडकन उठले. "बंद कर ते."

मी बंद केलं.

"माझा भाऊ न्हाय ह्यो," आप्पा म्हणाले. "दिन्याचा आवाज मला सांगतीस? तू काय तरी केलंयस ह्यात. कुनाचा आवाज घातलायस?"

"आप्पा, मी कशाला कुणाचा घालीन? वेगाचा घोटाळा असेल. मी शोधते."

"शोधतीस काय? एकदाच वाजवायची व्हती. ती वाजवलीस. आता काय शोधतीस?" ते चपला घालायला लागले. दारातून वळून आईला म्हणाले, "शांता, तू तिथं बसली व्हतीस न्हवं? तुला कळंना व्हय?"  आईनं ताटं उचलली आणि आत गेली. मला वाटलं होतं ती माझ्यावर ओरडेल. आतून फक्त भांडी घासल्याचा आवाज येत राहिला आणि त्यानं मला जास्त भीती वाटली.

त्यानंतरचा आठवडा मी फार वाईट काढला. त्या कॅसेटमधून मला जे मिळणार होतं ते मी एकदाच मिळालेल्या संधीत नासवलं होतं, अशी माझी खात्री झाली होती. परीक्षेचं मला काही वाटत नव्हतं. तो जड आवाज माझा बाप होता, मला दुसरा नव्हता, आणि मी त्याचा एक किरटा पोरगा करून ठेवला होता. मी दोन्ही रिवाज लावून बघितले. सेटिंग बरोबर दिसत होतं, पण दिसण्यावर माझा भरवसा नव्हता. मग मी मुनीरचाचांच्या डेकवर संशय घेतला. तसं बोलूनही दाखवलं. चाचांचा चेहरा पडला. "पोरी, ह्या मशिनीचा बेल्ट मी दर सालाला बदलतो. तुझ्या बापाला ह्याच मशिनीवर भरलाय आन् ह्याच मशिनीवर वाजिवलाय," एवढंच ते म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली नाही, ती पुढे मागितली. मी पाटीवर संशय घेतला, डब्यावर घेतला, चाचांवर घेतला, एकदा तर आईवरही घेतला, की तिनंच दुसरी कॅसेट आणली असेल. कपाटावर झालरीच्या कापडाखाली बसलेल्या आमच्या टेपवर संशय घ्यायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. त्याच्यावर कुणी कधी संशय घेतला नव्हता. देव्हारा असतो अशा घरात देव्हाऱ्याचं जे असतं, ते आमच्याकडे त्या टेपचं होतं.

आकडे खरे की खोटे हे तपासायला मला एक न बदलणारा सूर हवा होता. शिट्टी नको, भोंगा नको. पत्र्याच्या छपराखाली झोपून विचार करताना मला आप्पांची पेटी आठवली. पेटीच्या सुराला झिजून सैल पडणारा बेल्ट नसतो. मी आप्पांच्या दारात गेले, तर ते पेपर वाचत राहिले.

"आप्पा, पेटी द्या. दोन तासांसाठी."

"कशाला? ती बी बिघडवाय?"

"बाबा कुठल्या पट्टीत गायचे?"

पेपर खाली आला. "काळी दोन," ते लगेच म्हणाले, विचार न करता. मग जरा वेळानं, "सतरा वर्सं हात लावलेला न्हाय तिला."

मी रिकाम्या हातानं परत आले. संध्याकाळी, दिवेलागणीला, पडवीत पावलं वाजली आणि आप्पा चादरीत बांधलेली पेटी काखेत घेऊन उभे होते. पेटी देणं त्यांना जमलं नसतं, म्हणून ते स्वतः आले. मी आणखी काही घोळ घालू नये म्हणून ते येऊन बसले, असंही असेल. चादर सोडली तेव्हा आतून डांबरगोळीचा वास आला. भाता कुरकुरला. एक सूर मुका झाला होता. काळी दोन मात्र वाजली.

आधी मी पेटी संगणकात भरली आणि त्या पिवळ्या सॉकेटमधून परत वाजवली. आप्पा सोबत तोच सूर धरून बसले. माझी पाटी खोटी असती तर परत आलेला सूर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत कुठंतरी पडला असता. तो बरोबर काळी दोनवर बसला. एकात एक मिसळून गेले, कुठला डब्यातला आणि कुठला पेटीतला हे सांगता येईना. आप्पांनी मान हलवली, पण मानलं नाही. "ही पेटी झाली. गानं लाव," ते म्हणाले.

मी गाणं लावलं. तोच पातळ, चढा, घाईचा पोरगा गायला लागला. आप्पांनी तोंड वाकडं केलं, पण त्यांचे हात पेटीवर होते आणि हात थांबले नाहीत. पहिल्या ओळीलाच बोटं काळी दोनवर गेली आणि त्या वीस वर्षांपूर्वीच्या पेटीवर ही पेटी तंतोतंत जाऊन बसली. साहजिकच होतं, एकच पेटी होती ती. त्या मधल्या जागा, ते वळण, गायकानं श्वास घेतला की भरायची ती छोटी तान, सगळं बोटांना पाठ होतं. आप्पा डोळे मिटून वाजवत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी येत होतं. पहिली बाजू संपत आली. तिच्या शेवटच्या गाण्यानंतर कॅसेटवर एक आवाज होता. आमच्या टेपवर तो घसा खाकरल्यासारखा ऐकू यायचा, एखादा वडीलधारा माणूस बोलायच्या आधी खाकरतो तसा. आता तो आला तेव्हा कळलं, ते हसणं होतं. कुणीतरी खोडी काढल्यावर दाबून धरलेलं, मग न राहवून फुटलेलं, खिदळणं.

"ढोलकीवाल्यानं गुदगुल्या केलत्या त्येला," आप्पा म्हणाले. "दिन्याच हाय ह्यो. दिन्याच हाय."

मी आईकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. मी विचारलं, "आई, आपला टेप हळू चालतोय का गं?"

"व्हय."

"तुला माहीत होतं?"

"घंटा देनारी बाई हाय मी," आई म्हणाली. "पयल्या वर्साला सहाच्या भोंग्याला लावली की साडेसहाला बाजू सरायची. मग यकतीस मिन्टं. मग बत्तीस. आवंदा चौतीस मिन्टं झाली. दुकानात बराबर तीसाला खटका पडला, तवाच म्हटलं, आता हे बाहेर येनार."

आप्पा रागावलेच. "आन् आमाला सांगितलं न्हाईस? मी पोरीला काय काय बोललो."

आई त्यांच्याकडे बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "काय सांगू भावजी," ती म्हणाली. "ते गेले तवा यकोनतीसचे व्हते. मी तेवीसची. वर्साला मी यक वर्सानं मोठी व्हायची, आन् मशीन बी जरा जरा हळू व्हायचं. आवाज जड व्हायचा. मला वाटायचं, ते बी माज्यासंगं वयाला यायलेत. म्हनून मशीन दुरुस्तीला दिलं न्हाय. मुनीरभाई दोनदा म्हनाले, बेल्ट घालतो. मी न्हाय म्हटलं." मग ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, पण मला तो रागापेक्षा जास्त लागला. "तू त्यास्नी परत ल्हान केलंस की गं. मी चाळीसची झालो. आता ह्या पोराम्होरं मी कशी बसू?"

कारखान्याचा भोंगा झाला आणि त्या दिवशी आईनं घड्याळ बघितलं नाही. मला फार अपराधी वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडा रागही आला. मी खरं शोधून काढलं होतं आणि खऱ्याचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आज माझ्या टेबलावर येणाऱ्या यंत्राला मी नापास करते, तेव्हा ते कुणाच्या घरात कशासाठी हळू चालत असेल, हा विचार एकदा तरी येतोच. मग मी नापासच करते. पण विचार येतो.

प्रकल्प पास झाला. सरांनी त्या स्वच्छ शिट्टीचं कौतुक केलं. बाबांचं गाणं मी तिथं वाजवलं नाही. वर्षभर आईनं त्या गोष्टीचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. मात्र मी एक काम करून ठेवलं होतं. आकडे हळू सोडले की आवाज जड होतो हे आता मला चांगलं माहीत होतं. मी त्याच गाण्याची दुसरी प्रत केली, चौतीस मिनिटांची, आमच्या टेपवर असायची अगदी तशी. पहिलीचं नाव 'काळी दोन' ठेवलं आणि दुसरीचं 'काळी एक', कारण उतरून उतरून बाबा तिथं पोचले होते. आईला पाहिजे तो नवरा तिनं निवडावा, त्यात मी पडणार नव्हते.

पुढचा स्मृतिदिन आला. मी आता पुण्यात पुढचं शिकत होते, आदल्या दिवशी वसतिगृहातून घरी आले होते. पहाटे उठले तेव्हा खिरीचा वास घरभर होता. आप्पा पेटी घेऊन येऊन बसले होते. मी पाटी आणि चहाचा डबा तसबिरीच्या बाजूला मांडला. कपाटावरचा टेप झालरीच्या कापडाखालीच राहिला. आई आतून पांढरं पातळ नेसून आली आणि नेहमीच्या जागी न बसता पुढे, स्पीकरसमोर बसली. मी तिला सांगितलं की दोन प्रती आहेत, हे बटण दाबलं की आपला जुना आवाज, हे दाबलं की खरा. तिनं दोन्ही बटणं बोट लावून बघितली, पाठीमागच्या वायरी बघितल्या, कशात काही लपवलं नाही ना याची खात्री करून घेतली.

"खरा लाव," ती म्हणाली.

मी वाकले आणि तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात मला तिचं डोकं दिसलं. मागच्या दिवाळीला मी घरी आले होते तेव्हा कानशिलांवर चांगलं पांढरं झालं होतं. आता सगळं काळंभोर होतं, भांगापासून अंबाड्यापर्यंत. मेंदी नको, कलप नको, डब्यात काय भरलेलं असतं कुणाला माहीत, असं म्हणणाऱ्या माझ्या आईनं घरच्या घरी, आरशात बघून, स्वतःच तो लावला होता. कपाळाच्या कडेला आणि कानाच्या पाळीवर काळा डाग राहिला होता. तिनं पदर थोडा पुढे ओढला.

"काय बघालीस?" ती म्हणाली. "लाव की."